हेतू एकाहत्तर

कोल्हापुरात ऑफसाइडचा नियम सगळ्यांना येतो, फक्त तो कुणाला समजावून सांगायला लावू नये. आपल्या तालमीचा, म्हणजे पेठेतल्या संघाचा, गोल रद्द झाला तर ऑफसाइड नव्हता, समोरच्या तालमीचा रद्द झाला तर होता, एवढ्या ज्ञानावर इथल्या पेठांनी पिढ्यानपिढ्या फुटबॉल खेळला, पाहिला आणि त्यावरून भांडणं केली. कुणाचं काही अडलं नाही. अडायला लागलं ते मनकवडा आल्यावर.

मनकवडा हे लोकांनी ठेवलेलं नाव. कागदोपत्री तो हेतुमापक. दोन बोटं रुंदीची एक पट्टी, खेळाडूंनी कपाळाला बांधायची. ती मुळात आली होती भल्यासाठी. सारखं डोक्याने बॉल मारून मेंदूला इजा होते, ती वेळेत कळावी म्हणून. पुढे कुठल्याशा समितीतल्या कुणा हुशार माणसाच्या लक्षात आलं की ही पट्टी आणखीही एक गोष्ट सांगते. माणूस स्वतः ठरवून हालचाल करतो तेव्हा, हालचालीच्या जरा आधी, त्याच्या मेंदूच्या वरच्या भागात विजेचा एक मंद चढ सुरू होतो. तव्याचा चटका बसल्यावर हात मागे येतो तेव्हा हा चढ नसतो, कारण तो हुकूम वरून येतच नाही, खाली मणक्यातल्या मणक्यात निकाल लागतो. म्हणजे चढ मोजला की माणसाने केलं का त्याच्याकडून झालं, हे सांगता येतं. शून्य ते शंभर असा आकडा. चाळीसच्या वर असेल तर मुद्दाम केलं, खाली असेल तर झालं.

आता याचा ऑफसाइडशी काय संबंध, हे कमानवेस तालमीत कुणालाच कळेना. अखेर ते शलाका इंगवलेने सांगितलं. शलाका मुलींच्या हायस्कुलात गणित शिकवायची. नवरा रणधीर हा कमानवेसचा स्टॉपर बॅक, गोलपुढचा बचावपटू. तालमीतली चार माणसं घरी चहाला आलेली असताना तिने एकदाच सांगितलं.

"लग्नातली पंगत धरा. पहिली पंगत उठायच्या आत दुसऱ्या पंगतीचा माणूस ताटाजवळ जाऊन उभा राहिला, तर तो ऑफसाइड. पण नुसतं उभं राहणं गुन्हा नाही. जेवायला लागला की गुन्हा."

"बरोबर."

"पण यजमानाच्याच वाढप्याने आपण होऊन त्याच्या ताटात पांढरा रस्सा वाढला, तर मग गुन्हा धुतला गेला. तुमच्याच माणसाने वाढलंय, आता बोलायचं नाही. आणि वाढप्याला धक्का लागून रस्सा ताटात सांडला असेल, तर तो वाढला असं धरायचं नाही. गुन्हा कायम. म्हणजे बचाव करणाऱ्याने मुद्दाम बॉल खेळला, तर ऑफसाइडवाला सुटला. नुसता त्याला लागून गेला, तर नाही."

"आणि मुद्दाम वाढला का चुकून सांडला ते ठरवायचं कुणी?" एकाने विचारलं.

"तेच आता यंत्र ठरवणार," शलाका म्हणाली.

सगळ्यांनी माना डोलावल्या. पांढऱ्या रश्श्यामुळे नियम एकदम पटला होता.

त्याच हंगामातल्या सेमीफायनलला कमानवेससमोर बुरूज गल्ली होती. शून्य-शून्य, सात मिनिटं उरलेली. डावीकडून उंच बॉल आला. बुरूज गल्लीचा फॉरवर्ड इमॅन्युएल, ज्याला अख्खं शहर मन्या म्हणतं आणि जो आता नायजेरियातल्या आईशीही फोनवर अर्धं कोल्हापुरी बोलतो, रणधीरच्या दोन पावलं मागे उभा होता. आंधळ्यालाही दिसावा असा ऑफसाइड. रणधीरने उडी मारून डोकं लावलं. बॉल डोक्यावरून घसरला आणि मन्याच्या पायात पडला. गोल. लाइनमनचा झेंडा वर. कमानवेसच्या लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला तेवढ्यात रेफरीने कानाला हात लावला, आणि मैदानाच्या कोपऱ्यातल्या मोठ्या पडद्यावर आकडा आला.

हेतू ७१.

गोल ग्राह्य. कमानवेस बाहेर.

रणधीरचा गुन्हा एवढाच, की बॉल अडवावा असं त्याच्या मनात आलं होतं. मनात न येता तोच बॉल त्याच डोक्याला तसाच लागला असता तर तालीम फायनलला गेली असती. पिराजी वस्तादांनी, ज्यांनी आधी कुस्ती आणि मग गुडघे गेल्यावर फुटबॉल शिकवला, ड्रेसिंग रूममध्ये त्याला पुढ्यात घेतलं.

"तुला कुणी सांगितलंतं रं हेतू ठेवायला?"

"वस्ताद, बॉल अडवायचा होता."

"त्येच की! अडवायचा असं मनात कशाला आणायचं? बॉल आला, डोक्याला लागला, गेला. तुझा काय संबंध?"

दुसऱ्या दिवसापासून शहरात रणधीरचं नाव एकाहत्तर पडलं. उद्यमनगरातल्या ज्या फाउंड्रीत तो कास्टिंग तपासायचा तिथे, दूध कट्ट्यावर, पेट्रोल पंपावर. "काय एकाहत्तर, बरं हाय का?" आठवड्याने त्याची सहा वर्षांची मुलगी इरा शाळेतून आली आणि तिने विचारलं, "पप्पा, आपलं आडनाव बदललं का?"

त्या संध्याकाळी रणधीर तालमीत गेला आणि वस्तादांना म्हणाला, "काय करायचं ते सांगा. करतो."

वस्तादांनी बेळगावहून डॉक्टर वैजयंती हुबळीकरांना आणलं. हातापायांना कंप सुटलेल्या रुग्णांना स्वतःच्याच मेंदूचा आलेख समोर दाखवून तो शांत करायला त्या शिकवत. त्यांनी तेच तंत्र उलटं लावलं. कुस्तीच्या लाल मातीच्या हौद्याशेजारी पडदा टांगला. बॉल फेकायचा, डोकं लावायचं, आणि पडद्यावरचा चढ चाळीसच्या खाली ठेवायचा. युक्ती अशी, की ठरवायचंच नाही. नजर कुठेतरी लांब, मनात सत्तावीसचा पाढा, आणि मान सोडून द्यायची प्रतिक्षिप्त क्रियेच्या हवाली. हजार वेळा केलं की शरीर वरच्या मजल्यावर विचारायचं बंद करतं.

"डोकं रिकामं करायला आपली माणसं एवढ्या लवकर शिकतील असं वाटलं न्हवतं," वस्ताद कौतुकाने म्हणाले.

इतर तालमींनीही आपापले डॉक्टर शोधले. बाजारात साध्या पट्ट्या मिळायला लागल्या. एका रिक्षावाल्याने पोलीस चौकीत आपला आकडा दाखवला, की धक्का लागला तेव्हा हेतू अठरा होता. पोलिसांना काय करावं ते सुचेना, त्यांनी त्याला चहा पाजून सोडलं. काही घरांत सुना पट्टी लावून स्वयंपाक करू लागल्या, म्हणजे मीठ जास्त पडलं तर पुरावा हाताशी.

रणधीर सगळ्यांत पुढे गेला. पहिल्या महिन्यात पस्तीस, दुसऱ्यात वीस, चौथ्यात सहा. डॉक्टर हुबळीकर म्हणाल्या, "मी असा आलेख पाहिला नाही." पुढच्या हंगामात तो एकेक सामना खेळत गेला. बॉल त्याला लागे, कुठेही पडे, मागे उभा असलेला फॉरवर्ड गोल मारे, आणि पडदा म्हणे अकरा, आठ, सात. रद्द, रद्द, रद्द. कमानवेस फायनलला पोचली. एकोणीस वर्षांनी.

घरातलं मात्र हळूहळू बिघडत होतं, इतकं हळू की नाव देता येऊ नये. तो भाजी आणायला जाई आणि दूध कट्ट्यावर म्हशीचं ताजं दूध पीत उभा असलेला आढळे. इराचं दप्तर खांद्यावर घेऊन तो कामावर गेला, इरा शाळेत मोकळ्या हाताने. फाउंड्रीत तीन कास्टिंग न मोजताच त्याने पास केली. शिक्का त्याचाच, सही त्याचीच.

"तुमच्या आईचा फोन का नाही उचलला? रागावला आहात का तिच्यावर?" शलाकाने विचारलं.

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? वाजला, तुम्ही बघितलं, ठेवून दिलात. मी समोरच होते."

"ठेवला गेला."

भांडण करायला निदान समोर कुणीतरी लागतं. शलाकाने विषय सोडून दिला.

फायनलच्या अकरा दिवस आधी रविवारी संध्याकाळी तिघं रंकाळ्यावर गेली. इराला सायकल नवीन होती. घाटाच्या वर, जिथून पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, तिथे रणधीर तिच्याजवळ उभा होता. शलाका पन्नास पावलांवर, भेळेच्या गाडीशी. सायकल उताराला लागली. इराने ब्रेकऐवजी पाय वर घेतले आणि "पप्पाऽ" म्हणून हाक मारली. ती त्याच्या हाताच्या अंतरावरून गेली. त्याचा हात हलला नाही.

पायऱ्यांच्या तोंडाशी शेंगा भाजणारी एक म्हातारी बसलेली असते. तिने पाटी तशीच टाकून सायकलचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरलं. तिचं कोपर सोललं. इरा हँडलवर आपटली, ओठ फुटला, बाकी काही नाही. पुढची पायरी शेवाळाने हिरवी होती.

"बाप हाईस का खांब?" म्हातारी ओरडली. "लेकरू हाक मारालंय आनि बघत काय उभारलाईस?"

रणधीर बघतच उभा होता.

घरी आल्यावर शलाकाने इराला झोपाळ्यावर बसवलं, ओठाला बर्फ लावला, मग त्याच्यासमोर येऊन हात पुढे केला. "फोन द्या."

सरावासाठी तो दिवसभर पट्टी घालत असे. नोंद फोनमध्ये होत असे. तिने वेळ शोधली. पाच बेचाळीस. मुलींचे पेपर तपासावेत तसं तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

हेतू २.

"तिला धरावं असं तुमच्या मनातच आलं नाही?"

"भीती वाटली होती," रणधीर म्हणाला. "एवढी कधीच वाटली नव्हती."

"मग?"

"मग पुढे काही आलंच नाही."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. शलाकाला त्याचा राग करायचा होता, तोही धड करता येईना.

डॉक्टर हुबळीकर दुसऱ्या दिवशी घरी आल्या. नोंदी बघताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. "माझी चूक आहे," त्या सरळ म्हणाल्या. "मी फक्त बॉलपुरतं शिकवत होते. मेंदूला बॉल आणि बाकीचं जग असा भेद करता आला नाही. बॉलसाठी यांच्याकडे प्रतिक्षिप्त क्रिया तयार आहे, म्हणून तिथे काम होतं. सायकलसाठी ती नाही. शरीर हुकमाची वाट बघत राहतं, आणि हुकूम तर निघतच नाही."

"बरं होईल?"

"पट्टी आज काढा. सराव बंद. तीन-चार महिन्यांत वाट परत उघडेल असं मला वाटतं. पण फायनल खेळू नका. एवढ्या मोठ्या ताणात हेच पुन्हा केलं, तर ते मुरेल. मग मी काही कबूल करू शकत नाही."

रणधीर म्हणाला, "नाही खेळत."

तीन दिवसांनी पिराजी वस्ताद फायनलच्या यादीचा कागद घेऊन आले. शलाका शाळेत होती. वस्तादांनी घरात पाऊल टाकलं की रणधीर वाकून नमस्कार करत असे, पंधरा वर्षांची सवय. तो वाकला, उठला, वस्तादांनी पेन पुढे केलं. वस्तादांना नाही म्हणण्याची त्या पेठेत पद्धत नव्हती. तसा प्रसंगच कुणावर आला नव्हता.

संध्याकाळी शलाकाने विचारलं, "तुम्ही हो म्हणालात?"

"म्हणालो वाटतं. सही आहे."

ती म्हणाली, "मी तुम्हाला खेळू नका म्हणणार नाही. खेळा नाहीतर नका खेळू, पण ठरवून करा. आणि जोवर तुम्ही काहीतरी ठरवून केलेलं मला दिसत नाही, तोवर इरा तुमच्याबरोबर एकटी कुठे जाणार नाही. जिन्यापर्यंतसुद्धा."

फायनलला पंचवीस हजार माणसं होती. स्टेडियमची भिंत, झाडं, पलीकडच्या इमारतींच्या गच्च्या, सगळीकडे दोनच रंग. समोर पुन्हा बुरूज गल्ली. शलाका इराला घेऊन कमानवेसच्या बाजूला बसली होती. ती का आली, हे तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर पट्टीचा आकडा बघायला, असं तिने सांगितलं असतं.

एकतिसाव्या मिनिटाला बुरूज गल्लीने गोल मारला. बॉल रणधीरच्या खांद्याला लागून ऑफसाइड मन्याकडे गेला होता. पडद्यावर आलं, हेतू ४. रद्द. कमानवेसचं अर्धं स्टेडियम रणधीरच्या नावाने उसळलं. वस्ताद आनंदाने स्वतःच्याच मांडीवर थाप मारून घेत होते. रणधीर जागेवर उभा राहिला. गर्दी कुणाच्या नावाने ओरडतेय हे त्याला कळत होतं, पण नाव आपलं आहे असं वाटत नव्हतं. शलाकाने तो चार वाचला आणि इराचा हात घट्ट धरला.

"काय भावा," मन्या जवळून जाताना म्हणाला, "तू हाईस का गेलास?"

हाफटाइमला खेळाडू आत निघाले तेव्हा इरा कठड्यावर चढून हात हलवत होती. रणधीरला ती स्पष्ट दिसली. ओठावरची खपलीसुद्धा दिसली. आपणही हात वर करावा, असं त्याला पाण्याखालून ऐकू आल्यासारखं वाटलं. हात मांडीलाच चिकटून राहिला. तो आत गेला आणि बाकावर बसला. वस्ताद बोलत होते, तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. दुसऱ्याचा हात मांडीवर ठेवून कुणी निघून जावं तसा तो दिसत होता. हे असंच मुरणार. डॉक्टरांनी हाच शब्द वापरला होता.

दुसरा हाफ संपत आला तरी शून्य-शून्य. आणखी दोन मिनिटं, मग टायब्रेकर. बुरूज गल्लीच्या हाफमधून लांब बॉल निघाला. तो हवेत असताना रणधीरला सगळं मैदान एकदम दिसलं, आखून दिल्यासारखं. मन्या त्याच्या मागे दीड पाऊल, ऑफसाइड. उजवीकडून बुरूजचाच दुसरा एक खेळाडू सुसाट येतोय, बॉल सुटला तेव्हा तो रणधीरच्या पुढेच होता, म्हणजे ऑनसाइड. बॉल सोडला तर तो त्याला सापडणार आणि गोल ठरलेला. म्हणजे डोकं तर लावायलाच हवं.

लावण्याचे दोन प्रकार होते. मान सैल सोडायची, सत्तावीसचा पाढा म्हणायचा, बॉल लागेल तसा लागू द्यायचा. बहुतेक तो मन्याकडेच पडेल, मन्या गोल मारेल, पडदा पाच म्हणेल, रद्द. मग टायब्रेकर, आणि कमानवेसचा गोलकीपर टायब्रेकरमध्ये भिंत होता. कप जवळजवळ हातात होता. सत्तावीस एके सत्तावीस. पाढा आपोआप सुरूही झाला होता.

सत्तावीस दुणे चोपन्न.

बॅकने बॉल घेताना "माझा!" म्हणून ओरडायचं असतं. शाळेच्या मैदानावर पहिल्या दिवशी शिकवतात, दोघांची डोकी आपटू नयेत म्हणून. रणधीर कित्येक महिन्यांत ओरडला नव्हता. आता त्याने तोंड उघडलं. आधी नुसती हवा निघाली. बॉल खाली यायला लागला होता, मन्याचा श्वास मानेवर जाणवत होता, आणि रणधीरने अडकलेल्या दाराला खांदा लावावा तसा आतून कशालातरी जोर लावला.

"माझाऽ!"

त्याने पाय रोवले आणि उडी मारली. मानेची शीर न् शीर ताठ करून, डोळे उघडे ठेवून, बॉल मैदानाबाहेर घालवायचाच म्हणून. उडी बोटभर कमी पडली. इतके महिने मनापासून कुणी उडी मारली नसेल तर एवढा फरक पडतो. बॉल कपाळाच्या वरच्या कडेला लागला, मागे गेला आणि मन्याच्या छातीवर उतरला. मन्याने फक्त पाय लावला.

झेंडा वर गेला. रेफरीने कानाला हात लावला. पंचवीस हजार माणसं गप्प झाली. कमानवेसची बाजू निर्धास्तपणे गप्प होती, तिचा आपल्या स्टॉपरवर विश्वास होता.

हेतू ९३.

गोल ग्राह्य.

पाण्याच्या बाटल्या मैदानात पडायला लागल्या. रणधीरच्या घराण्याचा उद्धार सुरू झाला, आधी मागच्या पिढ्यांचा, मग पुढच्या. त्या गदारोळात एका बाईने तो आकडा मोठ्याने वाचला, आणि ओठावर खपली असलेल्या शेजारच्या मुलीलाही वाचायला लावला. मुलीने नव्वद बरोबर वाचलं, पुढे अडखळली. बाईने तिला पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितलं.

रणधीर गुडघ्यांवर बसला होता. एकोणीस वर्षांनी फायनलला पोचून तालीम हरली होती, आणि ती त्याच्यामुळे हरली होती, आणि या वेळी "झालं" म्हणून सांगायची सोय नव्हती. त्याला भयंकर वाईट वाटत होतं. ते वाईट वाटणं त्याचंच होतं, एवढं त्याला स्वच्छ कळत होतं.

शिट्टी वाजल्यावर वस्ताद लंगडत मैदानात आले. बाकीचे खेळाडू बाजूला झाले. वस्तादांच्या हातची थप्पड पूर्वी भल्याभल्या पैलवानांनी खाल्ली होती.

"येकच सांग," वस्ताद म्हणाले. "मुद्दाम केलंस?"

रणधीर उभा राहिला. "होय वस्ताद. मुद्दाम."

पडद्यावर अजून तो आकडा होता, तो वस्तादांनी एकदा मान वळवून पाहिला. मग रणधीरच्या कपाळावरची पट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने काढली आणि दुमडून सदऱ्याच्या खिशात घातली.

"मग नीट तरी मारायचास की रं, गाढवा."